नंबर बरोबर, मग डोकं का दुखतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा बहुतेकजण पस्तिशी-चाळिशीतले होते. आज समोर बघतोय, तर बिनचष्म्याचा चेहरा शोधावा लागतोय. मंगळवेढ्यात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्याला यात वाईट वाटायचं कारण नाही! पण सेक्रेटरीसाहेब म्हणाले, तुमच्या धंद्यातलं काही उपयोगाचं सांगा. म्हणून बोलतो.

लोक सोलापूरला, पंढरपूरला डोळे तपासून येतात, चिठ्ठी पुढं करतात नि म्हणतात, "नंबर आहे, चष्मा करा." नंबर म्हणजे निम्मंच काम. काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर यायला हवा. दोन बाहुल्यांमधल्या अंतराला आम्ही पीडी म्हणतो. चिठ्ठीवर ती बहुतेक वेळा लिहिलेली नसते. मोजायचं काम दुकानदाराचं.

आता चष्म्याची काडी आतल्या बाजूनं बघा. 52, मग छोटा चौकोन, 18 आणि 140, असं काहीतरी छापलेलं असेल. 52 ही काचेची रुंदी, 18 हे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, 140 काडीची लांबी. सगळं मिलिमीटरमध्ये. 52 आणि 18 मिळून 70. तुमची पीडी 62 असेल तर फरक 8 चा, म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य 4 मिलिमीटर नाकाकडं सरकवायला हवा. तो सरकवला नाही आणि नंबर उणे 6 असला, तर एक मीटरवरची वस्तू प्रत्येक डोळ्याला जवळपास अडीच सेंटिमीटर बाहेरच्या अंगाला दिसते. दोन्ही मिळून एक चित्र करायला डोळ्यांना बाहेर वळावं लागतं. वाचताना आत वळायची त्यांना सवय असते, बाहेर वळायची नाही. मग संध्याकाळी डोकं धरतं आणि माणूस म्हणतो, नंबरच चुकला.

आपण ज्वारीच्या गावची माणसं. पायली शिगोशीग भरली की घेणारा खूश! चष्म्यात मात्र शीग चालत नाही.

तरुण मंडळींना हल्ली मोठमोठ्या फ्रेमा आवडतात. फ्रेम जितकी रुंद, तितका मध्य जास्त सरकवावा लागतो. मूळ गोल काच साधारण 65 किंवा 70 मिलिमीटरची येते. ती पुरली नाही की मध्य हवा तिथं बसत नाही. चेहऱ्याच्या मापाची फ्रेम घ्या, काचही पातळ राहते.

पण मला खरी काळजी आहे ती आपल्या जिन्याची. दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी भिंत धरून उतरायच्या. गुडघे दुखत असतील असं घरचे धरून चालले होते. बघितलं तर बाहेरगावाहून आणलेल्या बायफोकलची रेघ खालच्या पापणीच्या बरीच वर आली होती. खालचा भाग असतो हातभर अंतरावरच्या वाचनासाठी, आणि पायरी असते डोळ्यांपासून दीड मीटरवर. त्यातून पायरी धूसरच दिसणार. रेघ पापणीपाशी आणून नवा चष्मा केला, तसं त्यांचं भिंत धरणं कमी झालं. तरी जिन्यासाठी लांबचा वेगळा चष्मा ठेवा, हे मी सगळ्याच ज्येष्ठांना सांगतो.

ही उंची मोजताना दुकानदारानं आधी फ्रेम नाकावर नीट बसवली पाहिजे, तुमच्यासमोर तुमच्याच उंचीवर बसलं पाहिजे आणि काचेवर मार्करनं खूण केली पाहिजे. प्रोग्रेसिव्हमध्ये तर प्रत्येक डोळ्याचं माप वेगळं घ्यायचं, कारण नाक कुणाचंच अगदी मधोमध नसतं. "बसा, मान ताठ करा, समोर बघा," असं कुणी म्हणालं नाही, तर आपण विचारावं, "माप घेणार ना?" यात लाजायचं काय? ब्लाऊज शिवायला टाकतानाही आपण माप देतोच की.

घरी एक गोष्ट करून बघा. चष्मा हातभर लांब धरून एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा. काच डावीउजवीकडं हलवली की कड तुटल्यासारखी दिसते. वरची, खालची आणि काचेतली कड एका रेषेत आली की तिथं काचेचा मध्य. बारीक खूण करा. दुसऱ्या काचेचं तसंच. दोन खुणांमधलं अंतर पट्टीनं मोजा नि पीडीशी ताडून बघा. तिरप्या नंबरच्या किंवा प्रोग्रेसिव्ह काचेला ही युक्ती नीट लागू पडत नाही, ते चष्मे माझ्याकडं आणा. पट्टी आणि मार्कर आज बरोबरच आणलेत. जेवणानंतर क्लबहाऊसच्या कोपऱ्यात बसतो.