नवी मंडळे, नवे सभासद

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. विषय मात्र मी स्वतः मागून घेतला. त्याचे कारण आपली सभासदांची नोंदवही होय. गेल्या महिन्यात ती चाळीत असता असे ध्यानात आले की, नव्या नावांपेक्षा ‘दिवंगत’ हा शेराच तीत अधिक वेळा लिहिला गेला आहे. वस्तुतः वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांमुळे या शहरात आपली घरे वाढलीच आहेत. परंतु त्या घरांतील तरुण गुणगौरवाच्या दिवशी आणि वधू-वर मेळाव्यास तेवढे येतात, व पुढे वर्षभर संघाकडे फिरकत नाहीत.

हा दोष त्यांचा, असे आपण म्हणत आलो. मीही म्हणत असे. मी चिटणीस असताना चार मुले मजकडे आली होती. घाटी रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांना वाट दाखवावी, त्यांचे अर्ज भरून द्यावेत, आणि या कामास संघाचे नाव मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. मी त्यांना आधी वर्गणी भरून सभासद होण्यास व नंतर वार्षिक सभेत अर्ज मांडण्यास सांगितले. शिवाय, ‘त्या रुग्णांत आपले किती?’ असेही विचारले. मुले नमस्कार करून गेली, ती आजतागायत परतली नाहीत. पुढे तेच काम त्यांनी दुसऱ्या एका संस्थेच्या नावाने सुरू केल्याचे कानी आले. नियम माझ्या बाजूस होता. माणसे मात्र गेली.

मनुष्य आधी कामाकडे येतो, संस्थेकडे मागाहून. याचा दाखला आपल्याच भूमीत आहे. निजामी राजवटीत १९२९ सालच्या ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सार्वजनिक सभांवर बंधने आली, तेव्हा मराठवाड्याचे सार्वजनिक जीवन वाचनालये, खासगी शाळा, व्यायामशाळा आणि गणेशोत्सवातील मेळे यांच्या आश्रयाने जगले. राजकीय सभेस जावयास जो धजत नसे, तो वृत्तपत्र वाचावयास वाचनालयात जाई. कोणी व्यायामशाळेत जाई, कोणी मेळ्यात गाई. दारे निरनिराळी होती, पण आत येणारी माणसे एकमेकांस ओळखू लागली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे ही अनेक वर्षांची मशागत होती.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे काम आरंभिले, तेव्हा संसारी स्त्रियांची घरकामे आटोपल्यानंतरची दुपारची वेळ त्यांनी वर्गांसाठी धरली. आपल्या महिला शाखेची बैठक मात्र सायंकाळी सहास, ऐन स्वयंपाकाच्या वेळी असते, आणि उपस्थिती कमी म्हणून अहवालात आपण खेद व्यक्त करतो!

आता थोडे परदेशाकडे पाहू. रोटरी क्लबचा जन्म शिकागो येथे १९०५ साली झाला. त्या संस्थेचे नियम फार करडे असत. दर आठवड्यास सभा, उपस्थितीचा काटेकोर हिशेब, आणि सभासद केवळ पुरुष. कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे या गावच्या क्लबचे सभासद रोडावले, तेव्हा १९७७ साली त्याने स्त्रियांस प्रवेश दिला. मातृसंस्थेने पुढच्याच वर्षी त्याची सनद काढून घेतली. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८७ साली निकाल क्लबच्या बाजूने लागला, आणि १९८९ साली रोटरीने सर्वत्र आपला नियम बदलला. संस्था बुडाली नाही. उलट पुढे तिने अंगभूत लहान क्लबही मान्य केले. मोठ्या क्लबच्या छायेखाली आठ सभासद जमले तरी ते आपल्या सोयीच्या वेळी व ठिकाणी भेटू शकतात. २०१६ पासून तर महिन्यातून दोन सभाही पुरेशा मानल्या गेल्या. लायन्स क्लबनेही विशिष्ट व्यवसायाच्या वा आवडीच्या माणसांसाठी वेगळे क्लब काढण्यास मुभा दिली आहे.

आपण या संस्थांची नक्कल करावी, असे माझे म्हणणे नाही. कोट आणि बिल्ले आपणास नकोत. परंतु आठ माणसांचे मंडळ ही कल्पना मला मोलाची वाटते. पाळीत काम करणाऱ्या कामगारांचे एक मंडळ वाळूजलाच भेटू दे. त्यांनी रक्तदात्यांची यादी ठेवावी. खाम नदीच्या स्वच्छतेत ज्यांना रस आहे त्यांनी सुटीच्या सकाळी तेथे जावे. पुण्यास व परदेशी गेलेल्या मुलांनी महिन्यातून एकदा दूरध्वनीच्या पडद्यावर जमून येथील विद्यार्थ्यांस मार्गदर्शन करावे. निवृत्त शिक्षकांचे काय करावयाचे, हे मी सांगण्याची गरज नाही; ते मला सांगतील.

‘अशाने संघ फुटेल,’ अशी भीती काही ज्येष्ठांनी मजजवळ बोलून दाखविली. ती अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही, कारण पूर्वी एक फूट आपण सोसली आहे. म्हणून मंडळांचा पैसा संघाच्याच खात्यात राहावा, सभासदांची नोंद एकाच वहीत व्हावी आणि प्रत्येक मंडळाचा एक प्रतिनिधी कार्यकारी मंडळात बसावा, असे मी सुचवितो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. सेवा कोणाची? माझे मत स्पष्ट आहे. रुग्णास जात विचारणारे मंडळ काढण्यापेक्षा न काढलेले बरे. आपल्या मुलांचे मित्र कामास आले, तर त्यांनाही सहकारी म्हणून घ्यावे. मतदानाचा अधिकार हा घटनेचा विषय आहे. घटना बदलली की धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. तो विचार सावकाश होऊ द्या. काम मात्र उपसमितीच्या रूपाने उद्याही सुरू करता येईल, त्यास घटनेची आडकाठी नाही.

मंडपाच्या दाराशी एक वही ठेविली आहे. प्रत्येक पानावर एकेक काम लिहिले आहे, काही पाने कोरी आहेत. ज्या पानावर आठ नावे होतील, त्या मंडळाची पहिली बैठक पंधरा दिवसांच्या आत, सभासदांच्या सोयीच्या वेळी बोलावण्याचे चिटणीसांनी मान्य केले आहे. वर्गणीचा प्रश्न सहा महिन्यांनी विचारू. घाटीच्या कामाच्या पानावर पहिले नाव मी माझेच लिहून आलो आहे. अजून सात हवेत.