तोंडाने सांगितलेलं दुःख

(भंडारा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



रोवणीच्या दिवसांत चिखलातून घरी आलेली बाई भिंतीला टेकते. घरातली पोरं तिचं तोंड पाहून गप्प होतात. एखादं मात्र पदर ओढून पंख्याबद्दलचा तोच प्रश्न दहादा विचारतं. शेजारीण म्हणते, "याला मायेची कदरच नाही." सासू म्हणते, "मायनंच बिघडवला." मुलगा स्वमग्न आहे, पण दोष येतो आईच्या वाट्याला.

हे खेड्यातच घडतं असं नाही. अमेरिकेत १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी पुस्तक लिहून स्वमग्नतेचं खापर आयांच्या थंडपणावर फोडलं. पुढे ते खोटं ठरलं. या मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते.

१९८५ साली लंडनमध्ये एक प्रयोग झाला. सॅली ही बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे दुसरी बाहुली ती गोटी डब्यात लपवते. परत आलेली सॅली गोटी कुठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी डबा दाखवला. चौघांनी बरोबर टोपली दाखवली. म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं अनेकांना जड जातं, पण सगळी मुलं सारखी नसतात. आणि ओळखता न येणं म्हणजे माया नसणं नव्हे.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक. २०१२ साली त्यांनी मांडलं की ही अडचण दोन्हीकडून आहे. वरातीतल्या बँडने कान झाकून ओरडणाऱ्या पोराला आपण हट्टी म्हणतो. त्याची भीती आपल्याला तरी कुठे ओळखता येते?

आता आपल्याकडे पाहू. झाडीपट्टीच्या नाटकात पात्र आपलं दुःख मोठ्याने बोलून दाखवतं. घरात मात्र बाई डोळे पुसत म्हणते, "काही नाही झालं." शब्द एक, चेहरा दुसरा. या मुलाने कशावर विश्वास ठेवायचा? बाईने गिळलेलं दुःख ओळखण्याची परीक्षा आपण त्याची घेतो.

म्हणून मी आयांना सांगते, सरळ शब्दांत बोला: "मला वाईट वाटलंय. मी रडते आहे. तुझ्यामुळे नाही." लाखांदूर तालुक्यातल्या एका आईने तसं म्हटलं. मुलाने लगेच विचारलं, "मग कोणामुळे?" घर ऐकत होतं. त्या घरात हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी आईसोबत गटातली एक बाई जाऊ द्या. आणि बैठकीत कोणी "मायनंच बिघडवला" म्हणालं, तर तिथेच थांबवा. त्या मुलाला शिकवायचं असेल, तर आधी बाईला घरात खरं बोलता आलं पाहिजे. हे काम आपलंच आहे.