प्रेक्षकांनीही खेळलेली स्पर्धा

सामना खेळाडू खेळतात, प्रेक्षक नुसता बघतो, अशी आपली समजूत असते. पण बघणाऱ्यांच्या वागण्यानंही खेळाचा रंग पालटतो. श्रोतेहो, आज मी तुम्हाला सांगणार आहे ती १९४६ सालची, कॅनडातल्या मॉन्ट्रियल रॉयल्स या बेसबॉल संघाची गोष्ट.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या दोन पायऱ्या आहेत. वरची मेजर लीग आणि खालची मायनर लीग. वरच्या संघांसाठी खेळाडू तयार होतात ते खालच्या संघांत. मॉन्ट्रियल रॉयल्स हा ब्रुकलिन डॉजर्सच्या हाताखालचा असा संघ. त्या काळी या दोन्ही पायऱ्यांवर कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. तसा लेखी नियम नव्हता, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो कसोशीनं पाळला जात होता. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी तो मोडायचं ठरवलं आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मॉन्ट्रियलच्या संघात घेतलं.

हंगामापूर्वीचा सराव फ्लॉरिडात होता. तिथल्या सॅनफर्ड गावातून धमक्यांमुळे जॅकीला बाहेर पडावं लागलं. जॅक्सनव्हिलमध्ये सामन्याच्या दिवशी मैदानालाच कुलूप होतं. संघाचे व्यवस्थापक क्ले हॉपर मूळचे मिसिसिपीचे. हा खेळाडू माझ्या संघात नको, अशी त्यांनी रिकींना विनवणी केली होती.

१८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीत पहिला सामना झाला. जॅकीनं पाचपैकी चार वेळा यशस्वी फटके मारले, त्यांत एक होम रन. तो धावत परतला तेव्हा पुढचा फलंदाज जॉर्ज शुबा यानं हात पुढे केला. गोऱ्या आणि काळ्या हातांचं ते छायाचित्र पुढे फार गाजलं. रॉयल्सनी सामना १४-१ असा जिंकला.

पुढचे महिने मात्र सोपे नव्हते. बाल्टिमोरमध्ये शिव्यांचा भडिमार झाला. सिराक्यूजमध्ये प्रतिस्पर्ध्यांनी मैदानात काळं मांजर सोडून त्याला हिणवलं. उलट उत्तर द्यायचं नाही, हे रिकींना दिलेलं वचन. त्या ताणानं अखेर डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली.

मॉन्ट्रियलमध्ये मात्र वेगळा अनुभव आला. फ्रेंच बोलणाऱ्या वस्तीत जॅकीची पत्नी रेचल घर बघायला गेली ती नकाराची तयारी ठेवूनच. पण घरमालकिणीनं तिला चहा दिला आणि घरही दिलं. रेचल गरोदर आहे हे कळल्यावर शेजारणींनी आपल्या रेशनची कुपनं तिला आणून दिली. म्हणजे ते शहर संतांचं होतं असं नाही. तिथल्याच एका दारूगुत्त्यात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला बिअर नाकारली गेली होती आणि गुत्तेवाल्याला तसा हक्क आहे, असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९३९ मध्ये दिला होता. त्याच शहरातल्या माणसांनी या खेळाडूला आपलं मानलं.

रॉयल्सनी त्या हंगामात १०० सामने जिंकले. जॅकीची फलंदाजीची सरासरी .३४९, म्हणजे दर तीन प्रयत्नांत एक यशस्वी फटका. लीगमध्ये ती सर्वोत्तम ठरली. लीगचं विजेतेपद मिळालं आणि मायनर लीगच्या अंतिम मालिकेत गाठ पडली लुईव्हिलच्या कर्नल्स संघाशी.

पहिले तीन सामने लुईव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत झाले. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना तिथे मोजक्याच जागा होत्या. बाकीचं स्टेडियम जॅकीची हुर्यो उडवत राहिलं. त्याची बॅट थंड पडली. रॉयल्स तीनपैकी दोन सामने हरले.

ही बातमी मॉन्ट्रियलला पोचली होती. चौथ्या सामन्याला कर्नल्सचे खेळाडू मैदानात उतरले, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी त्यांचीच हुर्यो उडवली. परतफेड म्हणून हे फार उदात्त नव्हे, पण आपण एकटे नाही, एवढं जॅकीला त्यातून नक्की कळलं असेल. दहाव्या डावात त्याच्याच फटक्यानं विजयी धाव आली. रॉयल्सनी ओळीनं तीन सामने जिंकून मालिका ४-२ अशी खिशात घातली.

४ ऑक्टोबरला शेवटचा सामना संपला आणि लोक जागचे हलेनात. जॅकीला त्यांनी खांद्यावर घेतलं, मिठ्या मारल्या. तो निघाला तर रस्त्यावर त्याच्यामागे धावत सुटले. काळा माणूस पुढे आणि गोरा जमाव मागे, पण हा जमाव जीव घ्यायला नव्हे तर जीव लावायला धावत होता, अशा अर्थाचं तेव्हाच्या एका बातमीदारानं लिहून ठेवलं आहे. हॉपर यांनीही निरोप घेताना त्याचा हात हातात घेऊन खेळाडू आणि सद्गृहस्थ म्हणून त्याची तारीफ केली.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. तो दिवस इतिहासात नोंदला गेला. पण त्याच्या आधीचा हंगाम ज्यांनी सुसह्य केला, त्या घरमालकिणीची, शेजारणींची आणि प्रेक्षकांची नावं धावफलकावर नसतात. आपण स्टेडियममध्ये बसतो तेव्हा एखाद्या खेळाडूला नावं ठेवायची की टाळी द्यायची, हे आपल्या हातात असतं. त्याचा त्या माणसावर काय परिणाम होतो, हे लुईव्हिलनं आणि मॉन्ट्रियलनं एकाच आठवड्यात दाखवून दिलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)