वीरूबाईंची विहीर आणि आजींचा तलाव

मी बचत गटाची सहयोगिनी बोलतेय. आज हप्त्याचं बोलणार नाही, एका सहलीचं सांगणार आहे.

आमच्या शाळेची आठवीची सहल साताऱ्याजवळच्या लिंब गावी निघाली. बारा मोटेची विहीर बघायची आणि फोटो मुलांनीच काढायचे, असं बाईंनी ठरवलं. चौघांत एक मोबाइल. मुलांच्या घरून मोबाइल आले, मुलींच्या घरून एकही नाही. "पोरीच्या हातात मोबाइल कशाला?" असं सगळ्या म्हणाल्या. खरं सांगते, माझ्या मुलीला मीही नाहीच म्हटलं होतं. शेवटी आमच्या अध्यक्षताईंनी स्वतःचा काढून दिला, तेव्हा मलाही द्यावा लागला. मुलींना सोबत म्हणून मीही गेले.

ती विहीर वरून पिंडीसारखी दिसते. दगडी पायऱ्यांनी खाली उतरता येतं, आत छोटा महालसुद्धा आहे. एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय, म्हणून हे नाव. शिलालेखावर शके 1641 ते 1646 असा काळ आहे. बाईंनी मुलांना 78 मिळवायला लावले. उत्तर आलं 1719 ते 1724. शाहू महाराजांचा काळ. आणि विहीर बांधवून घेणारीचं नाव वीरूबाई भोसले! मुलींनी त्या नावाचे किती फोटो काढले म्हणून सांगू!

परत आल्यावर बाईंनी अभ्यास दिला: आपल्या गावात पाणी कुणी आणलं, त्याचा फोटो काढा.

माझी मुलगी शेजारच्या आजींकडे गेली. आधी विचारलं, "आजी, फोटो काढू का?" आजी हसल्या, "माझा फोटू कशाला? आधार कार्डावर हाय की!" मग तिला घेऊन तलावावर गेल्या. 1972 च्या दुष्काळात तो तलाव झाला. आजी तेव्हा नव्या नवरी होत्या. म्हणाल्या, "ह्यो सगळा भराव आमच्या डोक्यावरनं गेलाय. पोटाला सुकडी मिळायची. पाटीखाली केस झडले बघ."

मी त्या तलावावरून रोज जाते. तिथल्या पाटीवर पुढाऱ्यांची नावं आहेत, माती वाहणाऱ्या एकीचंही नाही. वीरूबाईंचं नाव दगडात राहिलं, आमच्या आजींचं कागदावरसुद्धा नव्हतं.

तो फोटो शाळेच्या भिंतीवर लागला. पुढच्या बैठकीत आम्ही आजींना बोलावलं आणि त्या सांगतील तशी नावं वहीत लिहिली. अकरा नावं झाली. त्यातल्या आठ जणी आता नाहीत. बाराव्या बाईचं नाव आजींना काही केल्या आठवेना. नुसतं म्हणाल्या, "लई हसायची बघ ती." आम्ही तेवढंच लिहून ठेवलं.

तर मैत्रिणींनो, एवढं करा. एका दुपारी मोबाइल मुलीच्या हातात द्या, हवं तर शेजारी बसा. विहिरीच्या काठावर उभं राहून फोटो काढू देऊ नका. कुणाचाही फोटो विचारूनच काढायचा, हे शिकवा. फोटोसोबत नाव, गाव, तारीख वहीत लिहा. आणि लवकर करा. सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्यात.

माझा मोबाइल? आता रविवारी तो माझ्या मुलीकडे असतो.