दुष्काळात वार्तेचे महत्त्व



आपण आजवर धान्य दिले, द्रव्य दिले. आज आम्ही वार्ता मागावयास उभे आहोत. ओरिसात १८६५ चा पाऊस लवकर सरला आणि पीक बुडाले. प्रांतात आगगाडी नव्हती, धड सडक नव्हती. साठा किती उरला याचा नीट शोध कोणी केला नाही. व्यापारी आपण होऊन धान्य आणतील, या भरवशावर वरिष्ठ अधिकारी स्वस्थ राहिले. १८६६ च्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे उघडले, तो पावसाळा लागून बंदरे बंद झाली. सुमारे १० लक्ष माणसे, म्हणजे तिघांत एक, मृत्युमुखी पडली. उलट १८७६-७७ त पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारपुढे वारंवार मांडिली. तिनेही सर्व प्राण वाचले नाहीत, हे खरे. पण अज्ञानाची सबब कोणास उरली नाही.

अब्रूदार कुणबी उपाशी असला तरी दार लावून बसतो, आमच्याकडे येत नाही. मात्र कोणाची भांडी गहाण पडली, कोणी बैल विकला, हे आपणांस पेढीवर आमच्याआधी कळते. तरी वर्गणीसोबत गावाचे नाव व चालू धारण कळवावी. एक कार्ड पुरे.