बिघडलेल्या आवाजाची हुबेहूब नक्कल



तुमच्यापैकी ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना तो लावल्यानंतरची ती अर्ध्या मिनिटाची वाट आठवत असेल. बटण फिरवलं, दिवा लागला, पण आवाज नाही. मागे काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस व्हायच्या, खोक्याला ऊब यायची आणि मग कुठे बातम्या ऐकू यायच्या. इलेक्ट्रिक गिटारचा अँप्लिफायर हा त्या रेडिओचा सख्खा भाऊ. लिओ फेंडर यांच्या नावाच्या गिटारी आणि अँप जगभर वाजतात. हे गृहस्थ मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करायचे. आणि लंडनचे जिम मार्शल? ते ड्रम शिकवायचे आणि विकायचे. १९६२च्या सुमारास त्यांच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरचाच एक अँप समोर ठेवून आपला पहिला अँप बनवला.

आता गंमत अशी, की रेडिओवाला ज्याला बिघाड म्हणतो, त्यालाच गिटारवाला टोन म्हणतो. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला, की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ सुरापेक्षा उंच असे नवे स्वर मिसळतात आणि आवाज जाड, खरखरीत, लांबणारा होतो. हा फाटका आवाज मिळावा म्हणून लोकांनी काय काय केलं! अमेरिकेत गिटारवादक लिंक रे यांनी १९५८च्या ‘रंबल’ या धुनेसाठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं भोकं पाडली. ‘द किंक्स’ या बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरवर सरळ ब्लेड चालवलं. १९६४ साली त्या फाटक्या आवाजाचं गाणं गाजलं, आणि मग नवी कोरी वस्तू फाडून वाजवणं हा वेडेपणा उरला नाही.

अडचण एकच होती. व्हॉल्व्हचा अँप हा आवाज देतो तो मोठ्यानं वाजवल्यावर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसानं तो कसा मिळवायचा?

या अडचणीला सगळ्यात आधी भिडलेल्यांपैकी एक म्हणजे टॉम शोल्झ. एमआयटीत शिकलेला इंजिनियर, पोलरॉइड कंपनीत नोकरी, आणि रात्री घराच्या तळघरात गिटार. तिथं केलेल्या कामातूनच त्याच्या ‘बॉस्टन’ या बँडचा १९७६चा पहिला अल्बम बराचसा उभा राहिला. पुढे १९८२मध्ये त्यानं ‘रॉकमन’ काढला. वॉकमनएवढी डबी, कमरेला अडकवायची, हेडफोन लावायचा, आणि कानात थेट स्टेडियम. डबी डिजिटल नव्हती, साधं ॲनालॉग सर्किट होतं. पण ‘डेफ लेपर्ड’ या बँडनं १९८७च्या ‘हिस्टेरिया’ अल्बमात ती इतकी वापरली, की चकचकीत गिटारचा तो आवाज म्हणजे ऐंशीचं दशक, असं समीकरणच झालं.

डिजिटल नक्कल खऱ्या अर्थानं घरोघरी पोचली ती १९९८मध्ये. लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीनं ‘पॉड’ आणला. आकार राजम्याच्या दाण्याचा, रंगही तसाच लाल. एका बटणावर जुने नामवंत अँप ओळीनं बसवलेले. मला यात सगळ्यात आवडतो तो त्यामागचा उलटा व्यवहार. सबंध विसाव्या शतकात इंजिनियर आवाज स्वच्छ करण्यासाठी झटले, आणि हे लोक तो नेमका कसा खराब होतो याचं गणित मांडत बसले. जोरात तार छेडली की जुन्या अँपचा वीजपुरवठा क्षणभर दबतो, आवाज बसतो आणि मग फुगून वर येतो. तेही प्रोग्रॅममध्ये हवंच. आपल्याला लोडशेडिंगची सवय आहे. इथे ते कुणीतरी हौसेनं लिहून ठेवलेलं असतं.

माझी सुरुवात कॉलेजात झाली. आपल्याकडे गिटारवाले या सगळ्या खोक्यांना सरसकट ‘प्रोसेसर’ म्हणतात. असाच एक मित्राकडून चार दिवसांसाठी आणला आणि चार महिने परत केला नाही. आवाज मात्र डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा. दोष प्रोसेसरचा थोडा, माझा जास्त. मी तो घरातल्या टेपरेकॉर्डरला जोडला होता. गिटारच्या अँपमधला बारा इंची कागदी स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक गाळून टाकतो. टेपरेकॉर्डर बिचारा सगळं प्रामाणिकपणे ऐकवत होता. हे मला फार उशिरा कळलं. आता प्रोसेसरमध्ये स्पीकरचाही ठसा घेतलेला असतो. मोकळ्या खोलीत टाळी वाजवून घुमणं टिपावं, तसा.

पुढची उडी जर्मनीच्या क्रिस्टोफ केम्पर यांची. मूळचे सिंथेसायझर बनवणारे. अँपचं सर्किट अभ्यासण्याऐवजी त्यांचं यंत्र तुमच्याच अँपमध्ये चित्रविचित्र आवाज सोडतं, माइकनं परत ऐकतं आणि त्याची ‘प्रोफाइल’ बनवतं. वैद्य नाडी बघतो, शरीर उघडत नाही, त्यातला प्रकार. अलीकडे हे काम न्यूरल नेटवर्क करतं. स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी तर असा प्रोग्रॅम फुकट, सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे.

जुने वादक म्हणतात, यात जीव नाही, बोट आणि आवाज यांच्यात अंतर पडतं. अंतर पडतं हे खरं, पण दोन-तीन मिलिसेकंदांचं. तेवढ्यात हवेतून आवाज जेमतेम मीटरभर जातो, म्हणजे अँपपासून दोन पावलं मागे उभं राहिल्यासारखं. माझी तक्रार वेगळी आहे. शेकडो अँप हाताशी आले, की संध्याकाळ बटणं फिरवण्यात जाते आणि गाणं राहतं बाजूला. लिंक रे यांच्याकडे एक पेन्सिल होती.

तरी एक प्रसंग सांगतो. ८ डिसेंबर २०१३. ‘मेटालिका’ हा कानठळ्या बसवणारा बँड अंटार्क्टिकातल्या अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर वाजवायला गेला. तिथल्या निसर्गाला त्रास नको म्हणून भिंतीएवढे स्पीकर नाहीत. गिटारी डिजिटल प्रोसेसरमध्ये, आणि घुमटाखाली बसलेल्या श्रोत्यांच्या कानांवर हेडफोन.

माझ्या घरीही रात्री अकरानंतर अंटार्क्टिकाच असतो. कानात मार्शलचा अँप फाटत असतो. परवा शेजारच्या खोलीतून हिनं विचारलं, "मघापासून तारेवर नखानं काय खरवडताय?"