मूळ चित्राची चौकशी
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधल्या कलादालनात एका चित्रापाशी आलेली माणसं हमखास थबकतात. एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांच्या फटींतून केशरी उजेड झिरपतो आणि तिच्या चेहऱ्यावर पसरतो. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं हे जलरंगचित्र, १९४०च्या दशकातलं. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या या चित्रकारानं स्वतःच्या मुलीला दिवा घेऊन उभं केलं आणि तो उजेड कागदावर उतरवला. जलरंगात चूक झाकता येत नाही. जो भाग उजळ हवा तिथं कागदाचा पांढरेपणा राखावा लागतो. म्हणून जाणकार या चित्राला नावाजतात.

बाजारात हेच चित्र बऱ्याचदा राजा रविवर्म्याच्या नावानं मिळतं, कॅनव्हासवर छापलेलं आणि वर चकचकीत वॉर्निश दिलेलं. रविवर्मा १९०६ साली वारला. चित्र त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी काढलेलं आहे. चित्रकार चुकला, माध्यमही चुकलं. शिवाय हळदणकर १९६८ साली गेले. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे तो २०२८ संपेपर्यंत आहे. परवानगीवाचून छापून विकलेली प्रत हा हक्कभंगच.

घरासाठी जुन्या चित्राची प्रत घेणारा माणूस दुकानात बहुधा सोफ्याचा रंग आणि भिंतीची मापं घेऊन जातो. तीही लागतातच. पण त्याआधी मूळ चित्राची चौकशी व्हायला हवी: कुणाचं, कधीचं, कशावर काढलेलं, केवढं आणि आज कुठे आहे? ही उत्तरं मिळाली की प्रत कागदावर घ्यायची की कॅनव्हासवर, किती मोठी घ्यायची, कुठे लावायची, हे पुष्कळसं आपोआप ठरतं.

प्रतींचा हा व्यवहार आपल्याकडे नवा नाही, आणि त्याच्या इतिहासातलं एक मोठं पान महाराष्ट्रात लिहिलं गेलं. सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले मुत्सद्दी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ, म्हणजे रंगीत छापील प्रती, करून घ्यावेत, असं त्यांनी रविवर्म्याला सुचवलं होतं. पुढे रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत गिरगावात स्वतःचाच छापखाना काढला. जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आले. शकुंतलेच्या जन्माचं चित्र पहिल्यांदा छापलं गेलं. मग प्लेगनं मुंबई हादरली, कर्ज वाढत गेलं आणि १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळके यांनी सिनेमाकडे वळण्याआधी फोटो-लिथोचं काम केलं. १९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत सापडला.

ओलिओग्राफ ही कष्टाची छपाई. चित्रातल्या एकेका रंगासाठी वेगळा दगड. त्यावर कारागिरानं हातानं ठिपके भरायचे, मग एकच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर छापायचा. दगड केसभर सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यायचा. शेवटी तैलचित्राचा भास यावा म्हणून वॉर्निश. या प्रतींनी लक्ष्मी-सरस्वती घरोघरी नेल्या. पुष्कळ घरांत बायकांनी त्यांवर जर, टिकल्या आणि कापड शिवून देवीला साडी नेसवली. म्हणजे प्रत ही त्या घराची स्वतःची वस्तू झाली.

त्यामुळे ‘रविवर्म्याचं चित्र हवंय’ असं म्हणणाऱ्याला आज तीन वेगळ्या वस्तू दाखवल्या जातात. पहिली, तैलचित्राच्या फोटोवरून काढलेली नवी प्रत. दुसरी, जुन्या ओलिओग्राफच्या फोटोवरून काढलेली नवी प्रत. तिसरी, शंभर वर्षांचा अस्सल ओलिओग्राफ. तिन्हींची किंमत वेगळी आणि देखणेपणही वेगळं. ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. दगडावरच्या छपाईत ठिपके वेडेवाकडे, हातानं टाकलेले दिसतात. ऑफसेट छपाईत ते ओळीनं, ठरावीक अंतरावर असतात. इंकजेटमध्ये बारीक तुषार उडाल्यासारखे दिसतात. अस्सल जुना ओलिओग्राफ म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदावर रांगेतले ठिपके दिसले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता मापाकडे वळू. लिओनार्दोची मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद आहे. होकुसाईची प्रसिद्ध लाट साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटरची, आणि तीही मुळात लाकडी ठशांवरून केलेली छपाईच. मुघल, राजस्थानी, पहाडी लघुचित्रं पोथीच्या पानाएवढी असतात. ती मांडीवर घेऊन, जवळून, एकेक पान उलटत पाहायची. त्यांतला एखादा प्रसंग पाच फुटी करून भिंतभर लावला की पापणीची एककेसी रेघ दोरीएवढी जाड होते आणि चित्रकारानं साधलेला नाजूकपणा संपतो. लघुचित्र मूळ मापात किंवा फार तर दुप्पट घ्यावं, भोवती रुंद माउंट ठेवावा आणि लिहिण्याच्या टेबलाशेजारी किंवा बोळात लावावं, जिथं माणूस हातभर अंतरावरून जातो. बडोद्याच्या दरबारासाठी काढलेली रविवर्म्याची पौराणिक चित्रं मात्र मोठ्या दालनांसाठी होती. त्यांना मोठी भिंत आणि आठ-दहा फुटांचं अंतर मानवतं.

मापाबरोबर प्रमाणही सांभाळायचं असतं. तयार फ्रेमची मापं ठरलेली, चित्रांची प्रमाणं वेगवेगळी. मग दुकानदार कडा कापतो. चित्र कापण्याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चा. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनाच्या भिंतीवर बसावं म्हणून १७१५ साली त्याच्या चारही कडा कापल्या गेल्या. डावीकडची माणसं गेली आणि मध्यापासून जरा बाजूला उभा असलेला कॅप्टन ऐन मध्यात आला. चित्राची चालच बिघडली. त्या कडांवर काय होतं हे आपल्याला कळतं ते एका जुन्या, लहान प्रतीमुळे. प्रतीचं मोल किती असू शकतं याचा याहून चांगला पुरावा नाही. म्हणून फ्रेम चित्राच्या मापानं करून घ्यावी. फ्रेमच्या मापानं चित्र कापू देऊ नये.

रंगांचं प्रकरण अवघड आहे. व्हॅन गॉगनं आर्लमधल्या आपल्या खोलीच्या चित्रात भिंती जांभळट रंगवल्या होत्या. तांबडा रंग उडत गेला आणि आज त्या निळ्या दिसतात. शिवाय त्यानं ती खोली तीनदा रंगवली. एक चित्र अ‍ॅमस्टरडॅमला, दुसरं शिकागोला, तिसरं पॅरिसला आहे. प्रत घेताना यांतलं कुठलं, हे विचारायलाच हवं. पडद्यावर चित्र उजळ दिसतं, कागदावर मंद. म्हणून छापणाऱ्याकडून आधी हातभर तुकडा छापून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात व घरातल्या दिव्याखाली असा दोन्हीकडे पाहावा.

चांगली प्रतिमा मिळवणं आता सोपं झालं आहे. अ‍ॅमस्टरडॅमचं रेइक्सम्यूझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्यूझियम हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या प्रतिमा फुकट उतरवून घेऊ देतात. मेट्रोपॉलिटननं २०१७ साली असा संग्रह सर्वांसाठी खुला केला. हिशेब साधा आहे: जवळून पाहायच्या प्रतीला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १२ बाय १८ इंचांसाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली १२०० पिक्सेलची प्रतिमा चार इंचांपुरती ठीक. ती दोन फुटांवर ताणली की चेहरे लोण्यासारखे गुळगुळीत होतात.

छापणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. शाई डायची की पिगमेंटची? कागद आम्लविरहित आहे का? डायची शाई लवकर उडते, पिगमेंटची पुष्कळ टिकते. लाकडाच्या लगद्याचा साधा कागद पिवळा पडतो, सुती कागद बराच काळ तसाच राहतो. जलरंग, लघुचित्र आणि जपानी ठशांची चित्रं मॅट कागदावर छापावीत. कॅनव्हास तैलचित्रापुरता राखून ठेवावा.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून भिंतीविषयीही बोललं पाहिजे. मुंबई, कोकण, गोवा इथं बाहेरच्या बाजूच्या भिंती आषाढात ओलावा धरतात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते. अशा भिंतीवर कागदी प्रत लावूच नये. लावायचीच तर फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून वारा खेळतो. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांवर साधारण ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. आपल्या पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन त्याच्या कित्येक पट असतं. चित्र खिडकीसमोर न लावता खिडकीच्याच भिंतीवर, बाजूला लावावं. मध्य साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला तो बरोबर पडतो. बैठकीत सगळे बसूनच पाहणार असतील तर थोडं खाली.

आणि फ्रेमच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवावी: चित्रकार, चित्राचं नाव, साल, माध्यम, मूळ माप, मूळ चित्राचं ठिकाण आणि प्रत छापल्याचं वर्ष. घरातल्या मुलानं विचारलं तर उत्तर हाताशी असतं. पुढच्या पिढीला ही नवी प्रत जुना ओलिओग्राफ वाटण्याची फसगतही टळते.

प्रत घेण्याआधी नजर तयार करायची असेल तर फार लांब जावं लागत नाही. सातारा जिल्ह्यात औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या या राजानं तिथं रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं जमवली आणि युरोपातल्या नामवंत कृतींच्या प्रतीही ठेवल्या. तैलरंगाचा थर, कुंचल्याची दिशा आणि कडेपर्यंत शाबूत असलेली रचना तिथं जवळून पाहता येते. मोबाइलमध्ये त्याच चित्राची प्रतिमा उघडून ती समोरच्या कॅनव्हासशी ताडून पाहावी, मापं वहीत टिपून घ्यावीत आणि मग छापणाऱ्याकडे जावं.